गुळगुळीत चिमणी

रोहिदास सपकाळे, म्हणजे आमचे रोहिदासनाना, यांनी दीपनगरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं रंग लावला. आमच्यापैकी बाकी सगळ्यांनी वीज निर्माण केली. निदान निवृत्तीनंतर लग्नाच्या पंगतीत आम्ही तसंच सांगतो. नानांनी मात्र कधी तसं सांगितलं नाही. ते म्हणत, आपण रंग लावला. पाइपांना, टाक्यांना, जिन्यांच्या कठड्यांना, आणि दर पाच वर्षांनी जुन्या संचाच्या उंच चिमणीला.

चिमणीला वरून खाली सात पट्टे होते, एक तांबडा, एक पांढरा, असे. विमानांना दिसावेत म्हणून. आमच्यावरून जाणारी विमानं एवढ्या उंचावरून जात की त्यांना चिमणीच काय, भुसावळही दिसत नसावं, पण नियम तो नियम. नाना दोरखंडाच्या पाळण्यात बसून वर जात आणि दिवसदिवसभर तिथेच लटकत. वरून तापी दिसते, सातपुडा दिसतो आणि कॅन्टीनच्या मागे ड्यूटीवर कोण झोपलंय तेही दिसतं, असं ते खाली आल्यावर सांगत. या शेवटच्या माहितीमुळे त्यांना सर्व खात्यांत मान होता.

पुढे तो संच बंद झाला आणि चिमणी पाडायचं ठरलं. पाडताना बघायला आम्ही बरेच जण गेलो. कुणी डबे घेऊन गेलं, कुणी नातवंडं. नाना गेले नाहीत. डोळ्यांत धूळ जाते, म्हणाले. त्या दिवशी पिंप्राळ्यातल्या घरी त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतःच्या घराचं फाटक रंगवलं. ते फाटक त्यांनी मागच्याच महिन्यात रंगवलं होतं.

आमचं एक निवृत्तांचं मंडळ आहे. दर एक मे रोजी ते जळगावात जमतं. शाल, नारळ, एकमेकांच्या रक्तातल्या साखरेचे आकडे आणि जेवण, असा कार्यक्रम असतो. अध्यक्ष चुडामणसाहेब. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, पण ही गोष्ट त्यांना अजून लेखी कळवलेली नसावी. त्यांनी यंदा ठराव मांडला की चिमणी गेली तरी आठवण राहिली पाहिजे, म्हणून मंडळाच्या खोलीत तिची चार फुटी प्रतिकृती ठेवावी.

कशाची करायची यावर दोन बैठका झाल्या. लाकडाला वाळवी लागते, लोखंड गंजतं, प्लास्टर फुटतं. तेवढ्यात लोटनशेठ उठले. लोटनशेठ आमच्याकडे भांडारात होते आणि आता एमआयडीसीत जावयाच्या चटईच्या कारखान्यात बसतात. ते म्हणाले, चटईच्याच प्लास्टिकमधून सुटे भाग ओतून देतो, फुकट. या एका शब्दाने सगळ्या तांत्रिक अडचणी दूर झाल्या.

आठ दिवसांत माल आला. एकावर एक बसणाऱ्या सात पोकळ नळ्या आणि खाली एक बूड. सगळे भाग दुधी रंगाचे, गुळगुळीत, हातातून सटकणारे. लोटनशेठनी सर्वांसमोर त्यावर बोट फिरवून हमी दिली, "या मालाला काही चिकटत नाही. डाळ सांडा, तेल सांडा. पुसलं की साफ." आम्ही टाळ्या वाजवल्या. रंगही या 'काही'मध्ये येतो, हे टाळ्या वाजवणाऱ्या एकवीस जणांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्यांत अकरा अभियंते होते.

रंगाचं काम नानांकडे आलं. ठराव करावा लागला नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि पहिली नळी उचलून छातीशी धरली. चार फुटी का होईना, चिमणी पुन्हा हाताखाली येणार होती.

पहिल्यांदा नाना गाफील राहिले हे कबूल करायला हवं. नवा कोरा माल पाहून त्यांनी तो फडक्याने पुसला आणि सरळ ऑइल पेंटचा हात मारला. दिसायला झकास दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी उचलली, तर अंगठ्याखाली रंग सरकला आणि पायातून मोजा काढावा तसा सबंध तांबडा पट्टा त्यांच्या हातात आला. द्रौपदाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि हे ठेवायचं की टाकायचं, असं विचारलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत अध्यक्षांकडे गेली. चुडामणसाहेब स्वतः स्कूटरवर आले, धीर दिला आणि म्हणाले की नानांनी मनाला लावून घेऊ नये, आता रंगाचे दिवसच राहिलेले नाहीत. त्यांच्या ओळखीचा फ्लेक्सवाला आहे. तो तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्टिकर छापून देईल, वरून खालपर्यंत गुंडाळला की झालं. खालच्या पट्ट्यावर 'संकल्पना व मार्गदर्शन' असं लिहून एक छोटा फोटोही टाकता येईल. फोटो कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. विनय त्यांच्यात पहिल्यापासून आहे.

नानांनी मुदत मागितली. पंचवीस एप्रिलपर्यंत रंग पक्का बसला तर रंग, नाही तर स्टिकर, असं ठरलं.

साहेब गेल्यावर नाना ओट्यावर येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "खरी तर पाडली. हिलापण माझा हात लागणार नसेल, तर मी तिथे चौतीस वर्षं केलं काय?"

आता दुसरी फेरी. नानांचं एक तत्त्व होतं आणि ते त्यांनी हाताखालच्या पन्नासेक पोरांना घोकायला लावलं होतं: रंग ब्रशने बसत नाही, तयारीने बसतो. त्यांनी पॉलिश पेपर आणला आणि दोन दिवस प्रत्येक नळी घासली. गुळगुळीतपणा गेला, दुधी रंग जाऊन खडूसारखा पांढरेपणा आला. मग साबणाच्या पाण्याने धुतली, साध्या पाण्याने धुतली, पुन्हा साबणाने धुतली आणि गच्चीवर खाटेवर वाळत ठेवली.

गच्चीवर तेव्हा जागा मिळणं सोपं नव्हतं. एप्रिल म्हणजे उडदाच्या पापडांचा हंगाम. गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या घरी लाटायला जातात आणि त्या आठवड्यात पाळी द्रौपदाबाईंची होती. बाकीच्या तीन खाटांवर पापड, एका खाटेवर चिमणी. घरभर हिंग आणि शेंगदाणा तेल. पिठाच्या गोळ्याला तेल, पोळपाटाला तेल, लाटण्याला तेल, हाताला तेल.

द्रौपदाबाईंचं तेलाशी एरवीही सख्य आहे. त्यांच्या कमरेला एक फडकं असतं, तेलाने माखून वर्षानुवर्षं मऊ झालेलं. धुतलेली वस्तू कोरडी, फटफटीत ठेवणं त्यांना पाहवत नाही. माणूस आंघोळ करून केस न विंचरता बाहेर पडावा, तसं त्यांना ते वाटतं. पाटा-वरवंटा, कुलपं, शिलाई मशीन, कूलरचं स्टँड, सगळ्यांवरून तो तेलाचा हात फिरतो. एकदा त्यांनी मोठ्या जावयाच्या मोटरसायकलची सीटही प्रेमाने पुसली होती. जावई पहिल्याच गतिरोधकाला टाकीवर आले.

नानांनी दुसऱ्यांदा रंग लावला. या वेळी तो ब्रशखालीच नाटकं करू लागला. मध्येच आखडायचा, थेंब थेंब होऊन बाजूला सरायचा, मधे गोल गोल टकलं पडायची. दोन दिवसांनी पोपडे आले. नानांनी ते खरवडले, पुन्हा घासलं, पुन्हा धुतलं, पुन्हा वाळवलं, तिसऱ्यांदा लावला. पुन्हा तेच.

मग मंडळाचे सभासद रोज संध्याकाळी सांत्वनाला येऊ लागले. सांत्वनाबरोबर भाजके पापड मिळत असल्याने उपस्थिती बैठकांपेक्षा चांगली असे. कुणी म्हणालं, उन्हाचा दोष. कुणी म्हणालं, रंगाची कंपनी बदला. लोटनशेठ म्हणाले की माल एक नंबर आहे, रंगच कमी प्रतीचा असणार. चुडामणसाहेबांनी 'मटेरियल कम्पॅटिबिलिटी' हा शब्द दोनदा उच्चारला. त्याचा अर्थ आदरापोटी कोणी विचारला नाही. जाताना ते सहज म्हणाले की स्टिकर छापायला टाकलाय, अडीअडचणीला असावा.

पाळण्यात लटकून, वाऱ्यावर, दोनशे हात उंचीवर ज्या माणसाचा रंग पाच-पाच वर्षं हलला नाही, त्याला घरच्या गच्चीवर बसून वीतभर नळी रंगवता येत नव्हती. नानांचं जेवणही कमी झालं. द्रौपदाबाईंनी त्यावर उपाय म्हणून भाजीत तेल वाढवलं.

वीस तारखेला नानांनी पुन्हा खरवडून, धुऊन वाळवलेली एक नळी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली आणि पारोळ्याला एका आजारी मित्राला बघायला जातो, असं सांगून एसटी पकडली. पारोळा आलं तसं गेलं. नाना बसूनच राहिले आणि धुळ्याला उतरले.

धुळ्यात पारोळा रोडला शीतलचं गॅरेज आहे. शीतल ही नानांच्या बहिणीची मुलगी. दुचाकींचे मडगार्ड, हेडलाइटची कवचं, गाड्यांचे बंपर रंगवून देते. सहा वर्षांपूर्वी तिने हे काम सुरू केलं, तेव्हा उद्घाटनाला नाना आले होते आणि चार लोकांत म्हणाले होते की मडगार्डला रंग लावणं म्हणजे बायकांनी नखं रंगवणं. तेव्हापासून त्यांनी तिच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. ती विसरली असेल, अशी आशा मनात धरून ते आत शिरले.

"या मामा," शीतल म्हणाली. "बसा. नखं रंगवायची का?"

तिने स्टूल दिलं, पाणी दिलं, चहा सांगितला आणि मग नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. घरच्या माणसाशी बोलताना ती सरळ अहिराणीवर येते. "मामा, हाई चटईनं प्लास्टिक शे. येले काहीच धरत नही."

ते मला माहीत आहे, असं नाना म्हणाले नाहीत. एवढं मात्र म्हणाले की दोन दिवस घासलंय, तीनदा धुतलंय.

शीतलने बोट पाण्यात बुडवून नळीवर थेंब सोडला. थेंब पसरला नाही. अळूच्या पानावर बसावा तसा टपोरा गोल होऊन बसला आणि नळी कलती करताच घरंगळून तिच्या चपलेवर पडला. ती म्हणाली, पाणी जिथे पसरत नाही तिथे रंग पसरत नाही, हे तिला पहिल्या वर्षी सहा बंपर खराब केल्यावर कळलं. पण घासलेल्या प्लास्टिकवर पाणी एवढं पळू नये. तिने नळी नाकाशी नेली. मग दुसऱ्या टोकाशी. मग अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मामीना पापड हुई ग्यात का औंदा?"

यंदाचे पापड झाले का, हा प्रश्न नानांना या प्रसंगी अनाठायी वाटला. ते झाले म्हणाले. शीतलने नळी त्यांच्या नाकाखाली धरली. हिंग आणि शेंगदाणा तेल. एवढा स्पष्ट वास की शेजारच्या पंक्चरवाल्यानेही मान वळवली.

नानांनी नळी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा एकदा हुंगली. चहा आला, गार झाला.

पुढचा तासभर शीतलने मामांना शिकवलं आणि मामा शिकले. साबणाने तेल काढायचं. मग गॅसच्या बर्नरची निळी ज्योत नळीवरून भरभर फिरवायची, हात एका जागी थांबवायचा नाही. या जातीच्या प्लास्टिकला नुसतं घासून भागत नाही, ज्योत लागली की त्याचा हट्ट मोडतो. पाणी पसरलं की समजायचं तयार. त्यावर बंपरला लावतात तो पातळ, पाण्यासारखा प्रायमर, आणि वर रंगाचे तीन हात, तेही पातळ. नानांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. एवढं करण्यापेक्षा जाड हात मारला तर, असं विचारलं. शीतल म्हणाली की तसं करणारेही तिच्याकडे येतात, दुसऱ्यांदा. शेवटी तिने बर्नर आणि प्रायमरचा डबा पिशवीत घातला. पैसे घेतले नाहीत.

"एकच शे मामा. ज्योत लावल्यानंतर कोनाले हात लावू देऊ नका. मामीलेबी नही."

नाना घरी आले तेव्हा द्रौपदाबाई पापडांच्या चळती डब्यात भरत होत्या. आजारी मित्र कसा आहे, असं त्यांनी विचारलं. नानांनी पिशवीतून नळी काढून त्यांच्यापुढे धरली.

"तू त्या नळ्यांना तेल लावलंस?"

"लावलं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "पांढऱ्याफटक पडल्या होत्या. रोज चार माणसं येतात, बघतात. काय म्हणतील?"

"किती वेळा लावलंस?"

"तुम्ही धुतल्या तितक्या वेळा."

चौतीस वर्षांच्या नोकरीत नानांच्या कामाची इतकी नियमित तपासणी कोणत्याही साहेबाने केली नव्हती. ते रागावणार होते, पण रागवायला कुठून सुरुवात करावी ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं की यापुढे त्यांच्या वस्तूंना तिने हात लावायचा नाही.

द्रौपदाबाईंनी हा हुकूम शब्दशः पाळला. दहा दिवस त्यांनी नानांच्या एकाही वस्तूला हात लावला नाही. चहाचा कप, ताट, टॉवेल, बनियन, सगळं जिथल्या तिथे. तिसऱ्या दिवशी नाना एकीकडे नळ्या धुवत होते आणि दुसरीकडे बनियन. दोन्हींना एकच साबण.

ज्योतीचं काम मात्र जमलं. पहिल्याच नळीवर हात क्षणभर थांबला आणि ती किंचित वाकली. नंतर सभासदांनी ती पाहिली, तेव्हा मूळ चिमणीही तिथे अशीच थोडी कललेली होती, अशी आठवण तिघांना झाली. बाकीच्या सहा सरळ राहिल्या. नानांनी पाण्याचा थेंब सोडला. तो पसरला, सावकाश, सगळीकडे, काचेवर पसरतो तसा. नानांनी इकडेतिकडे पाहिलं. दाखवायला गच्चीवर कोणी नव्हतं. जिला दाखवावं ती खाली त्यांचा कप न धुता बसली होती.

पंचवीस तारखेला चुडामणसाहेब आठ जणांना घेऊन तपासणीला आले. तांबडे-पांढरे सात पट्टे, कडा सुरीने कापल्यासारख्या. साहेबांनी चष्मा वर केला आणि अंगठ्याचं नख पट्ट्यावर जोरात ओढलं. काही झालं नाही. मग लोटनशेठनी ओढलं. मग उरलेल्या सगळ्यांनी, कारण आमच्याकडे कुठलीही चांगली गोष्ट नख लावून पाहिल्याशिवाय चांगली ठरत नाही. नऊ नखं लागली. रंग जागचा हलला नाही.

"उत्तम," साहेब म्हणाले. "आता स्टिकर छापून आलाच आहे, तर खालचा भाग कापून तेवढाच लावू. फोटोचा."

अगदी खालच्या पट्ट्यावर नानांनी काहीतरी बारीक लिहिलं होतं. जुन्या सवयीने, एक्स-रेच्या फिल्ममध्ये अक्षरं कोरून, त्यावर ब्रश आपटून. साहेबांनी ते वाचलं नाही. स्टिकर नेमका तिथेच येणार होता. नाना म्हणाले, "लावा, साहेब." एवढ्या वर्षांत दुसरं उत्तर त्यांना सुचण्याची सवय राहिली नव्हती.

एक मेच्या सकाळी टेम्पो यायच्या आधी नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. दोन-तीनदा खाकरले. मग म्हणाले, "रंग बसलाय. आता पुसायचं तर पूस."

द्रौपदाबाईंनी चेष्टा आहे का ते आधी त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग कमरेचं फडकं काढलं आणि चिमणी वरून खाली पुसली. खालचा पट्टा दोनदा पुसला, कारण त्याच्यावर नऊ जणांच्या बोटांचे डाग होते. चिमणी अशी चमकली की खरी कधी चमकली नसेल. जाताना त्यांनी नानांचा कपही उचलला.

कार्यक्रम अकराचा होता, म्हणून साडेबाराला सुरू झाला. चव्वेचाळीस अंश. चुडामणसाहेबांनी पडद्याआड जाऊन स्वतःच्या हाताने स्टिकर लावला आणि तळहाताने दाबून बसवला. अनावरण झालं, टाळ्या झाल्या, साहेब माइकपाशी गेले. त्यांनी मंडळाच्या जन्मापासून सुरुवात केली. ते संकल्पनेपर्यंत आले तेव्हा स्टिकरचा डावा कोपरा सुटला होता. मार्गदर्शनापर्यंत आले तेव्हा उजवा. मग साहेबांचा फोटो, पापड भाजताना वळतो तसा हळूहळू आतल्या बाजूला वळत, गुंडाळी होऊन नारळाच्या ताटात पडला.

लोटनशेठ धावले. त्यांनी तो उचलून पुन्हा दाबला, तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर ते सभेकडे वळून अभिमानाने म्हणाले, "मी सांगितलंच होतं. या मालाला काही चिकटत नाही."

आता खालच्या पट्ट्यावरची बारीक अक्षरं उघडी होती आणि साहेबांना, माइक हातात असल्यामुळे, काहीतरी वाचणं भाग होतं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "रंगविले: एप्रिल २०२५. पुढील रंग: एप्रिल २०३०."

खऱ्या चिमणीवर दर खेपेला हे असं लिहिलेलं असायचं, खाली, माणसाच्या उंचीवर. ड्यूटीवर जाताना आम्ही सगळे त्याच्यासमोरून गेलो होतो, कित्येक वर्षं, आणि ते कोण लिहितं हे कोणी विचारलं नव्हतं.

"दोन हजार तीस?" चुडामणसाहेब म्हणाले. "तेव्हा कोण रंगवणार, नाना?"

नाना उभे राहिले. मंडळाच्या इतिहासात नाव पुकारल्याशिवाय ते प्रथमच उभे राहिले असावेत.

"मीच," ते म्हणाले. "फक्त धुतल्यानंतर रंग लागेपर्यंत हात कोणी लावायचा नाही, एवढं इतिवृत्तात घ्या."

चिटणिसांनी ते लिहून घेतलं. मागच्या रांगेत द्रौपदाबाईंनी मान हलवून संमती दिली. त्यांचं लक्ष पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे होतं. ती फार कोरडी दिसत होती, आणि त्यांचा हात कमरेशी गेला होता.